मुलुंडच्या क्लासमधलं ‘वेट’

चार मोठी माणसं इंग्रजी शिकायला बसली की किस्से आपोआप साठतात. शिकवणारा मी असलो तर जरा फुगतातही!

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी क्लास घ्यायचो. दर शनिवारी एक क्रियापद. नियम एकच : वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, आणि खरं हवं.

त्या शनिवारी होतं ‘वेट’.

दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू उठल्या. “आय वेट फॉर टेलिफोन. नंबर लावला तेव्हा सन इन स्कूल. नाउ ग्रँडसन इन स्कूल!”

“काकू, खरं वाक्य हवं हं.”

“खोटं वाटत असेल तर घरी फोन करून विचारा!”

मग फरसाणवाले हसमुखभाई. “आय नो वेट. कस्टमर वेट.”

“म्हणून तर मी समोरच्या दुकानात जाते!” इति काकू.

मी फळ्यावर लिहिलं : थांबणे, वाट बघणे, खोळंबणे, ताटकळणे. म्हटलं, बघा, इंग्रजांनी एका शब्दात भागवलं. आपण मात्र कोण कुणासाठी किती रखडलं, तेही शब्दातच सांगतो.

मागून सावंत म्हणाले, “सर, गिरण बंद पडल्यापासून मी घराक बसलंय. ह्या सगळ्यातला माझा खयचा?”

सावंत फक्त मुलाखतीपुरतं इंग्रजी शिकायला यायचे. घरात खाणारी पाच तोंडं. मी उगाच दुसरा खडू शोधत बसलो.

पुढच्याच आठवड्यात त्यांना पंपांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. स्टोअरमध्ये हेल्परची जागा. साहेब म्हणाले, “वेट आउटसाइड,” आणि मागच्या दाराने निघून गेले.

सावंत गेटबाहेर बदामाखाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घेऊन पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी क्लासमध्ये मी म्हटलं, “अहो सावंत, साहेब विसरले असतील!”

“पण ‘जा’ खंय म्हणाले?”

चौथ्या दिवशी वॉचमनने स्टूल दिलं. आठव्या दिवशी (सावंत पाचव्या म्हणतात, पण सांगतोय कोण? मी!) साहेबांनी गेटपाशी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

“हू टोल्ड यू टु सिट हिअर?”

सावंत उठून उभे राहिले.

“यू, सर.”

साहेब गाडीतून उतरले आणि गेटचं छोटं दार स्वतःच्या हाताने उघडून धरलं.