माझ्या सुनेची घंटा

बांधलेलं सोडल्याशिवाय जिचा जीव थाऱ्यावर येत नाही, अशी बाई अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच, आणि ती माझ्याच घरी सून होऊन आली. लग्नात अक्षता पडायच्या आधी तिने विचारलं होतं, "मांडव सोडणार कोण?" वऱ्हाड चपापलं. वाळवण सुकलं की ती दोरी काढायची, पाहुणा गेला की त्याच्यासाठी ठोकलेला खिळा उपटायची. कोंबड्यांनाही एकेकीला नाव दिलं होतं. "नाव नसलं तर परत बोलवायचं कोणाला, आई?"

घरी बसून ती जावास्क्रिप्टचं काम करायची. मी चौथी शिकलेली. वाल सोलता सोलता तिने मला समजावलं. स्क्रीनवरच्या बटणाला एक कान लावून ठेवायचा. बटण दाबलं की तो ऐकतो आणि काम करतो. पान बंद झालं की तोच कान, नावानिशी, काढायचा. विसरलं तर पान पुन्हा उघडताना दुसरा लागतो. मग एकदा दाबा, काम दोनदा.

"एवढ्याचा पगार देतात?" मी विचारलं.

"विसरणारे लय हायत, आई."

माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ते मला पटलं. तिने माझ्या खाटेपासून तिच्या कामाच्या खोलीपर्यंत सुतळी नेऊन बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. मी ओढली की ती यायची. मुलाने शहाणपणा करून त्याच सुतळीला ओटीवर आणखी एक बांधली. मी पाण्यासाठी ओढली, तर दोघं दोन तांबे घेऊन हजर. तिने ओटीवरची तिथल्या तिथे काढली. "बघितलंत? हेच ते."

पुढे मुलाची बदली पुण्याला झाली. मी घर सोडणार नाही म्हटलं. म्हातारीने हाक मारली तर ऐकणार कोण, हा घोर तिला लागला. जायच्या दिवशी तिने दोऱ्या, खिळे, सगळं काढलं, कोंबड्या नावं सांगून शेजारच्या माझ्या जावेला दिल्या, आणि सुतळी पुढे वाढवून जावेच्या पडवीत नवी घंटा बांधली.

त्यांची जीप गेल्यावर मी ओढून पाहिली. जाऊ धावत आली. "काय गो, मेलीस का?"

"नाय. वाजते का बघत होते."

वाजल्या मात्र दोन होत्या. सुनेच्या रिकाम्या खोलीतली तशीच लटकत होती.

फोनवर तिला म्हटलं, "तुझी घंटा काढायची राहिली गो."

तिने आधी एकेकीचं नाव घेऊन कोंबड्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "राहू दे, आई."

"ऐकायला कोण हाय तिथं?"

"कोण नाय."

मीही काढलेली नाही. ओढली की जाऊ पाणी घेऊन येते. ती येईपर्यंत मी त्या खोलीतली ऐकत पडते.