दत्ता कदमची बोट

वाराणसीला पुराच्या ड्यूटीवर आमची तुकडी गेली तेव्हा मी लान्स नायक होतो, इंजिनिअर रेजिमेंटचा सॅपर. सॅपरने पूल बांधायचे, सुरुंग काढायचे आणि बोट चालवायची. पहिल्या दोन गोष्टी मला बऱ्या यायच्या. तिसरीबद्दल एवढंच सांगतो, की माझं गाव पाथर्डीकडचं. पोहायला शिकायची आमची विहीर, आणि तिच्यातच वर्षातले आठ महिने पाणी नसायचं.

कंपनीत ख्रिस्ती मी एकटाच, म्हणून सगळ्यांनी मला पाद्री करून टाकलं. खरं तर पाद्रीला शोभेल असं माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी एकेकजण उभा राहून मोठ्याने प्रार्थना करतो. माझी पाळी जवळ आली की मला खोकला यायचा. बायको म्हणायची, "देवासमोरसुद्धा सिक रिपोर्ट करता तुम्ही."

बोट कमांडर होता नायक दत्ता कदम, साताऱ्याकडचा. पाण्यात तो जमिनीपेक्षा मोकळा असायचा. पहिल्या दिवशी त्याने मला इंजिनवर बसवलं. मी नांगर न उचलताच पूर्ण थ्रॉटल दिला. इंजिन गर्जत होतं, बोट जागची हलत नव्हती, आणि घाटावरच्या गच्च्यांवरून लोक टाळ्या वाजवत होते.

"पाद्री," दत्ता म्हणाला, "तुमचा प्रभू पाण्यावरून चालला. तू निदान पाण्यात नीट बसायला शीक."

दोन दिवस काम असंच चाललं. माणसं उतरवायची, पाण्याचे कॅन आणि औषधं पोचवायची. घाटांच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. राजा घाटाच्या खालच्या अंगाला नावाड्यांनी मोठ्या नावा एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथेच आमच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला. बोट प्रवाहात आडवी झाली, आणि आत सात नागरिक होते.

दत्ताने लाईफ जॅकेट काढलं. ते घालून खाली जाता येत नाही. चाकू घेऊन तो उतरला, एकदा वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. पंखा सुटला. बोट सरळ झाली. दत्ता मात्र त्या बांधलेल्या नावांच्या ओळीखाली ओढला गेला. मी दोरी फेकली. ती रिकामी आली. पुन्हा फेकली. पुन्हा रिकामी.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ठरलं, की दोरी वेळेवर आणि योग्य जागी फेकली गेली. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी दत्ताचा शोध चालू असतानाच निरोप आला. दुर्गाघाटावर एका घराची गल्लीकडची भिंत कोसळून वाट बंद झाली होती. वर म्हातारं जोडपं अडकलेलं. गृहस्थ ऑक्सिजनवर, आणि सिलिंडर दुपारपर्यंतच पुरणार. घराला नदीकडूनच पोचता येणार होतं. दुसरी बोट वरुणा नदीकडे गेली होती.

सुभेदार पवार साहेब म्हणाले, "साळवे, बोट तू घे."

"साहेब, मला नाही जमणार."

"जमेल का, असं मी विचारलं नाही."

साहेब कंट्रोलच्या तंबूत गेले. मी दत्ताच्या जागी बसलो. सोबत सॅपर हरजीत, गुरदासपूरचा. आमच्यात बोट सुटताना कमांडर जयकारा देतो आणि बाकीचे उत्तर देतात. हरजीत उत्तर द्यायला तयार बसला होता. माझा आवाजच फुटेना. मी छातीवरचा रेडिओ सेट दोन्ही हातांनी घट्ट धरला, मान खाली घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोकला न येता प्रार्थना केली.

"देवा, मला भीती वाटते. हरजीतला हे सांगता येत नाही आणि साहेब ऐकत नाहीत. दत्ता माझ्या हातून गेला का, ते तुलाच माहीत. मला शूर कर असं मागत नाही, ते तू आजवर केलेलं नाहीस. मी आहे असाच बस माझ्याबरोबर. आणि नांगराची आठवण करून दे. आमेन."

हरजीतने माझ्या मनगटाला हात लावला. "उस्ताद, सेट."

माझा अंगठा बोलायच्या बटणावर होता. प्रार्थना रेडिओच्या सगळ्या नेटवर गेली होती. कंट्रोल, वरुणेवरची बोट, शोधपथक, सगळीकडे.

सेट खरखरला. मग सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"चार्ली टू, मेसेज मिळाला. आमेन. आता बटण सोड आणि निघ. आउट."

"लंगर मैंने उठा लिया है," हरजीत म्हणाला.

भीती गेली असं मी म्हणणार नाही.  पण इतकी वर्षं माझी सगळी ताकद मला काय येत नाही ते झाकण्यात जायची. आता झाकायला काही उरलंच नव्हतं. देवाने मला शूर न करता उघडं केलं. त्याचं उत्तर असंही येतं, हे मला माहीत नव्हतं.

मी हरजीतला सांगितलं, "मला प्रवाहाचा अंदाज येत नाही. तू पुढे बस. दोर, बांबू, काहीही दिसलं की हात वर कर." दत्ताला अशी मदत लागत नसे. मला लागत होती, आणि ती मी मागितली. नावांच्या ओळीपाशी हरजीतचा हात वर गेला. मी इंजिन बंद केलं आणि पंखा वर घेतला. वल्ह्यांनी रेटत, लांबच्या अंगाने आम्ही तिथून निघालो. त्या पाण्याकडे मी पाहिलं नाही.

दुर्गाघाटावरचं ते घर काशीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचं होतं; खिडकीशी काकू उभ्या होत्या. मराठी ऐकून त्यांना आधी हायसं वाटलं, मग माझं तोंड दिसलं.

"चालवता येतं ना रे बेटा तुला?"

"थोडं थोडं, काकू."

"थोडं थोडं मतलब?"

आतून काका धापा टाकत म्हणाले, "अगं, चल आता. घरात तरी कोण नाविक बसलाय?"

काकांना आम्ही चादरीतून उतरवलं. काकूंनी देवांचा डबा मांडीवर घेतला.

"नाव काय तुझं?"

"येशुदास साळवे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "असं कर, तू तुझ्याला सांग, मी ह्या डब्यातल्यांना सांगते. पण हळू चालव."

हळूच चालवली. काका सिलिंडरसकट रुग्णवाहिकेत गेले आणि त्या पुरातून वाचले.

दत्ता दुसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली. त्याला घेऊन मी साताऱ्याला गेलो. मानवंदना झाली, गाव पांगलं. त्याच्या आईने मला घरात बोलावलं आणि विचारलं, "पाणी फार थंड होतं का रे?"

"नाही, आई. श्रावणातलं पाणी. कोमट होतं."

तेवढं एकच मी तिला खात्रीने सांगू शकलो.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची सहा वर्षं नव्या पोरांना बोट शिकवली. ज्याला भीती वाटते त्याने ती मोठ्याने सांगायची, हा माझ्या वर्गातला पहिला धडा. मंडळीत आता माझी पाळी आली की मी उभा राहतो. आमच्यात गेलेल्यांसाठी काही मागत नाहीत. ते देवाच्या हाती असतात. म्हणून दत्तासाठी मी काही मागत नाही. नायक दत्ता कदम, असं पूर्ण नाव घेतो, तो होता याबद्दल देवाचे उपकार मानतो, आणि खाली बसतो.