बिनमिठाची आमटी

माझ्या सासूबाई निपाणीच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे मल्लेश्वरमला राहायला आल्या. मी पुण्याची, आमटीत गूळ घालणारी. "ही आमटी म्हणायची का पायसम?" हे ऐकल्याशिवाय आमचं जेवण सुरूच व्हायचं नाही. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही, तोडीस तोड उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षी त्या हळूहळू बोलेनाशा झाल्या. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. सुटले एकदाची! मग एका रविवारी पहिला घास घेतला आणि कळलं, आमटीत मीठच नाही. समोर सासूबाईंनी वाटी संपवलीसुद्धा होती. मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"वय झालंय गं तिचं," नवरा म्हणाला.

"वयानं केस पिकतात, जीभ नाही," मी म्हटलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

मला वाटलं होतं, त्या यायलाच नकार देतील. पण बाईंनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले?" नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. हे नैराश्य आहे, म्हातारपण नव्हे, बरं होतं, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. "सरी, बरं, द्या गोळ्या," सासूबाई म्हणाल्या.

गुण लवकर येईना. तरी रोज उठून अंघोळ करायच्या, अंबाडा घालायच्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. कधी फाटकातूनच परत फिरायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला घालायच्या. मला तर तापात पाणी प्यायला उठवत नाही!

शेजारच्या अक्कांनी एकदा विचारलं, "या गोळ्या कसल्या?" व्हिटॅमिनच्या, असं मी सांगणारच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मन दुखतंय माझं. तुझ्या गुडघ्यांना घेतीस की नाही, तशाच." काय अभिमान वाटला मला त्यांचा! अक्का मग जवळ बसून बराच वेळ बोलत राहिल्या.

परवा जेवताना सासूबाईंनी आमटीचा भुरका मारला. थांबल्या. वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय गं, गुळाची ढेपच टाकलीस का काय?"

"छान झालीय की, आई," नवरा घाईघाईनं म्हणाला.

"तू गप्प बस रे!" मी ओरडलेच. "आईंना बोलू दे."