पेंढ्याचा कोळसा आणि वीटभट्टीचा ट्रक

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बदलापूर गावातून आत्याचा निरोप आला, की दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी वीटभट्टीचा ट्रक तिच्या शेताची माती न्यायला येणार. मी त्याच सकाळी उल्हासनगरहून सायकल काढली. कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, मला अडवणार कोण?

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर उल्हासनगरच्या कॅम्पात सिंध्यांचं दाल-पकवान खाऊनच निघा, पुढे रस्त्यावर धड काही मिळत नाही. कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून पत्र्याचा मोठा डबा घेतला. "इसमें क्या पकाएगी, बेटी?" "घास," म्हटलं. तो हसला, पण भाव काही सोडला नाही.

अंबरनाथला कारखान्यांच्या वासातून नाक दाबून सुटले आणि शिवमंदिराशी अडकलेच. दगडातल्या बायका बघता बघता दुपार झाली. चिखलोलीनंतर नुसती शेतं, पाणी सोबत ठेवा.

आत्याचा तो तुकडा म्हणजे पाणी दिलं की वर पापडी धरणारी माती. तिचे दीर बाळाकाका शेजारची स्वतःची माती देतच होते, आता हिचीही द्यायला बसलेले. आत्या म्हणाली, "ते म्हणतात तेही खरंच असेल गं. काही येत नाही तिथं."

मी म्हटलं, भाताच्या पेंढ्याचा कोळसा करून मातीत मिसळू. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात ऐकलं होतं. हल्ली त्याला बायोचार म्हणतात. काका म्हणाले, "काय गो, जमिनीला मशेरी लावतेस का? जा, ट्रक यायच्या आत मेथी उगवून दाखव, मग बोलू."

आता चिडलेच. डब्याला खाली भोकं पाडली, पेंढा ठासला, पेटवला, झाकण लावलं. जरा वेळानं आत्यानं भात बघावा तसं झाकण उचललं. "झालं का बघते." हवा आत गेली, भपका उडाला, हाती आली पांढरी राख.

दुसऱ्या खेपेला घाईत दवानं ओला पेंढा भरला आणि नीट पेटायच्या आतच सगळं बंद केलं. निघाला तपकिरी, चिकट माल. धुराचा वास हाताला दोन दिवस.

तिसऱ्या वेळी पेंढा उन्हात कडक वाळवला. दाट पांढरा धूर विरळ होईपर्यंत जळू दिला, मग भोकं आणि झाकण चिखलानं लिंपलं. आत्याला सांगितलं, "हात लावलास तर याद राख!" पूर्ण गार झाल्यावरच उघडलं. काळाभोर, हलका, बोटांत कटकन मोडणारा. पाणी ओतलं तर पिऊन टाकलं. पेंढा तोच, डबा तोच. आच आणि हवा बदलली की कोळसा बदलतो.

तिन्ही प्रकार वेगवेगळ्या वाफ्यांत मिसळून मेथी पेरली, चौथा वाफा नुसत्या मातीचा. सोमवारी राखेच्या वाफ्यात चार पिवळी टोकं, तपकिरीत काहीच नाही, नुसत्या मातीत पापडी फोडून आलेली थोडी रोपं. काळ्या वाफ्यात मेथी दाटीनं वर.

काका उकिडवे बसून बघत राहिले. "उगवली. पण एवढ्याशा वाफ्यानं काय होतंय? ट्रक आलाय, भरू दे."

आत्या घरात गेली. मला वाटलं, हरलो. ती खाट ओढत बाहेर आली, बांधावर टाकली आणि वर बसली.

"भावजी, तुमची माती तुम्ही द्या. ट्रक इकडे आणायचा तर माझ्यावरून आणा."

ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, लवकर ठरवा, डिझेल जळतंय!" काकांनी त्याला स्वतःच्या शेताकडे वळवलं. जाता जाता मला म्हणाले, "पोरीनं बाईचं डोकं फिरवलं."

उल्हासनगरला परतले तर बाबांनी विचारलं, "मग? सुधारली जमीन?" पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन आले तेव्हाही त्यांचा तोच प्रश्न. पीक बेताचंच होतं, खोटं कशाला सांगू? पण काकांच्या बाजूला खड्ड्यात पाणी साचलेलं आणि आत्याचा तुकडा त्याच्यापेक्षा गुडघाभर उंच उभा. बाबांना म्हटलं, जमीन सुधारायला वर्षं लागतात. आधी माती जागेवर तर राहू दे.