वळण लागलेली मुलगी

कोकिळाबाई बोरगाव मेघेहून सकाळची एसटी धरायच्या, देवळीला उतरायच्या आणि तिथून पायी जवळच्या एका गावच्या शाळेत पोचायच्या. चौऱ्याहत्तर साली त्यांच्याकडे सहावीचा वर्ग आला. वर्ग कसला, भरलेला बाजारच! कोणी पुस्तक विसरलेला, कोणी गृहपाठाचं नाव काढताच डोकं खाजवणारा. बाईंच्या हातून छडी उचलली जात नसे. त्यांनी प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलं. कोणी फळा पुसायचा, कोणी वांग्याच्या वाफ्यांना पाणी घालायचं, कोणी पहिलीतल्या लेकरांना घरापर्यंत सोडायचं. "अंगावर घेतलेलं काम अर्ध्यात सोडायचं नाही," एवढंच त्या सांगत.

पिण्याच्या पाण्याचा माठ आला डोमाजींच्या नलूकडे. सगळ्यात वेंधळी पोरगी. दुसऱ्याच दिवशी माठ कोरडा ठणठणीत आणि नलू चिंचेखाली खेळण्यात गुंग. बाईंनी कोरडा माठ पाहिला आणि धडा चालू ठेवला. दुपारपर्यंत सगळा वर्ग तहानेला राहिला, नलूही.

"बाई, मले सांगाचं तं खरं!" ती रडवेली झाली.

"मी सांगितलं असतं तर ते काम माझं झालं असतं, नलू."

त्यानंतर माठ कधी रिकामा दिसला नाही. घंटेच्या आधी नलू विहिरीवर असायची. हळूहळू तिचा गृहपाठ वेळेवर येऊ लागला, अक्षर सुधारलं, गणितं सुटू लागली. सातवीत गेल्यावर तर पहिलीतली लेकरं तिचंच बोट धरून घरी जायला मागत. बाई रात्री जेवताना वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, ही पोर देवळीच्या हायस्कुलात जाईल बघा. एखाद दिवशी माझ्यासारखी मास्तरीणही होईल."

कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असायचा, पण नलू चुकली नाही. संक्रांत झाली आणि ती यायची बंद झाली. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी गेल्या.

डोमाजी ओसरीवर दोर वळत बसले होते. लगबगीनं उठून त्यांनी बाईंसाठी घोंगडी अंथरली. आत खाटेवर नलूची आई आनंदाबाई निजून होत्या. त्यांना जुळे मुलगे झाले होते आणि त्या बाळंतपणानं पार खचल्या होत्या. चुलीपाशी नलू एका बाळाला मांडीवर थोपटत होती. दुसरं झोळीत होतं.

"डोमाजी, मार्चात परीक्षा आहे. आठवड्यातून चार दिवस तरी पाठवा तिला."

डोमाजींनी हात जोडले. "बाई, तुमचे लई उपकार आहे. पह्यले ही पोट्टी पाण्याले गेली तं घागर विहिरीवरच सोडून ये. तुमी तिले वळण लावलं. आता सारं घर तिच्या भरवशावर टाकून मी वावरात जातो."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. माणूस मनापासून आभार मानत होता. बाई उठल्या. त्यांनी नलूला अंगणात बोलावलं.

"तुला यायचंय ना शाळेत?"

नलूनं मान खाली घातली. खांद्यावरचं बाळ किरकिरलं, तशी तिनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "याचं तं आहे, बाई. पण हे दोघं आता माह्या अंगावर आहे. अर्ध्यात कशी सोडू?"

बाई परत निघाल्या तेव्हा देवळीहून घरी जाणारी शेवटची गाडी चुकली होती. एका ओळखीच्या घरी त्यांनी रात्र काढली. डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या वर्षीपासून बाईंनी एक नवीनच खूळ काढलं. वर्गातल्या मुलग्यांनाच त्या झाडू मारायला, भाकरी थापायला शिकवू लागल्या. प्रभाकरराव नावाचे एक पालक भांडायला आले, "पोट्टे का चूल फुकतीन?" बाई म्हणाल्या, "फुंकतील. बहिणीच्या वाटचं थोडं उचललं तर काय बिघडलं?" काही घरांत फरक पडला, बऱ्याच घरांत नाही.

नलू सोळाव्या वर्षी समुद्रपूरकडं दिली गेली. त्र्याऐंशी साली गिरडच्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांशी, ती बाईंना अचानक भेटली. कडेवर एक, हाताशी दोन. वाकून पाया पडली.

"भाऊ कसे आहेत तुझे?"

"दुसरीत आहे दोघंही. लग्न होईपर्यंत मीच सांभाळलं त्यायले." तिचा चेहरा क्षणभर उजळला.

"सातवीची परीक्षा बाहेरून देता येते, नलू. मी शिकवीन."

नलूनं कोणती पुस्तकं लागतात ते विचारलं, नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात खालून सासूनं हाक मारली. "येतो, बाई," म्हणून ती लेकरांना सावरत भराभर उतरून गेली.

दिवाळीच्या सुट्टीत बाई सातवीची पुस्तकं घेऊन तिच्या गावी गेल्या. दाराला कुलूप होतं. सगळे वेचणीला गेले होते. शेजारच्या शकुबाईंनी पुस्तकं ठेवून घेतली, देते म्हणाल्या. बाईंनी उन्हाळ्यापर्यंत निरोपाची वाट पाहिली, पुढच्या वर्षीही पाहिली. पुस्तकं नलूच्या हाती पडली की नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही.