पांढऱ्या मोटारीचा ब्रेक

माघ सरत आला होता. पहाटेचा गारठा उन्हं वर आली की पळून जायचा आणि मग तासगावच्या रस्त्यावर दिवसभर कोरडा वारा सुटायचा. बेदाण्यावर धूळ बसू नये म्हणून शेडवाले पडदे खाली सोडून बसलेले. केरूनं गॅरेजपुढं बादलीभर पाणी मारलं, आत बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली. जॅकवर चढवून ठेवलेल्या जीपच्या चाकाला हात घालणार, तेवढ्यात रस्त्यावरनं तो आवाज आला.

लांब, चिरका. पत्र्यावर खिळा ओढावा तसा.

केरूचा हात थांबला. गेली तीन-चार वर्षं हा आवाज रोज संध्याकाळी त्याच्या दारावरनं जायचा. पायगोंडा अण्णांची जुनी पांढरी मोटार. चालवायचा त्यांचा श्रेयस. पण श्रेयस पौषात गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता एकुलतं एक पोरगं हातातनं निसटलं.

मोटारीतनं अण्णा उतरले. एका हाकेत सगळा द्राक्षमळा हलवणारा माणूस, आता अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

“केरू, ह्यो आवाज काढ.”

“बसा की अण्णा. च्या सांगतो.”

“च्या नगं. आवाज काढ.”

केरूनं स्टूल फडक्यानं पुसून पुढं सरकवलं. अण्णा बसले, पण नजर मोटारीवरच.

“तुज्या आक्काचं काय चाललंय, ठावं हाय?” ते म्हणाले. “आमच्या जैनांत दिवस बुडल्यावर अन्न न्हाई, पानी बी न्हाई. पोरगं सांगलीच्या पेठंतनं यायचं. घराजवळच्या वळणावर ब्रेक वाजला की ही ताट वाढायची. तो हातपाय धुऊन बसंतंवर उन्हं असायची. आता गाडी मी आनतो. ब्रेक वाजतो आन ही उठून त्येचंच ताट वाढती. म्होरं बसून ऱ्हाती. तो जेवल्याबिगर ही संध्याकाळची कवा जेवलीच न्हाई. दिवस बुडतो, ताट तसंच, ही बी तशीच. सकाळचं दोन घास, त्येवढ्यावर चाललंय. काल न्हाणीत भोवळ येऊन पडली.”

“गाडी इकली तर?”

“त्येच्या हातची हाय रं. ते न्हाई जमत मला.”

केरू मोटारीच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला.

तो मूळचा कराडकडचा. तरणेपणी फौजेत गेला, तिथं ट्रकाखाली झोपून झोपून गाडी शिकला. परत आला तो बायकोच्या, लक्ष्मीबाईच्या माहेरी, तासगावात, आणि रस्त्याकडेला चार पत्रे उभे केले. इंजिनाचं काम लोक कुणाकडंही न्यायचे, ब्रेक मात्र केरूकडं. त्याची एक रीत होती. पाना आधी उचलायचा नाही. मालकाला गाडी सावकाश चालवायला लावायची आणि आपण चाकाशेजारनं वाकून, कान देऊन चालायचं. पोरंसोरं हसायची. “केरू चाकाला मुका द्यायला निघाला,” म्हणायची. केरू म्हणायचा, “आरं, दुखतंय कुठं ते आधी त्येला सांगू तर द्या.”

श्रेयसच्या मोटारीचा आवाज ऐकून त्यानंच एकदा पोराला हटकलं होतं.

“आन की गाडी. घटकाभराचं काम हाय.”

“ब्रेक लागतोय न्हवं, केरूमामा?”

“लागतोय की. नुसताच बोंबलतोय.”

“मग बोंबलू द्या. अव्वाला कळतं मी आलो.” आईला तो अव्वा म्हणायचा. वर हसला होता, “तुमी गप केलासा तर मला उपाशी झोपावं लागंल.”

हे अण्णांना सांगावं असं केरूच्या ओठावर आलं. पण बाई न्हाणीत पडली म्हटल्यावर त्याचं तोंड मिटलं. तो उठला. अण्णांना गाडी चालवायला लावली आणि वाकून मागच्या डाव्या चाकाशेजारनं चालू लागला.

चाक काढून ड्रमला हातोडीनं हलके ठोके दिले, तसा तो सुटून हातात आला. ड्रमला आतनं दाबून चाक थांबवणारं लायनर घासून घासून म्हशीच्या शिंगासारखं चकाकत होतं. ड्रमच्या कडेला गंजाची धार धरलेली. गुळगुळीत लायनर ड्रमवर थरथरायचं आणि किंचाळायचं, एवढंच दुखणं. केरूनं पॉलिश पेपर घेऊन लायनर खरबरीत केलं, दोन्ही टोकं कानशीनं उतरती केली, ड्रमची धार खरवडून काढली, मागच्या पत्र्यावर जिथं घासतं तिथं नखभर ग्रीस लावलं. मग बाकीची चाकंही उघडली. काम असं चोख केलं की पुन्हा तक्रार येऊ नये. दुसरी पद्धत त्याला ठाऊकच नव्हती. काळी भुकटी त्याच्या पायाशी पडत राहिली.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, “तूच चल घेऊन. माजा पाय ब्रेकवर जाईना.”

वळणावर केरूनं ब्रेक दाबला. मोटार लोण्यात सुरी जावी तशी थांबत आली. आवाज नाही.

गुणमाला आक्का उंबऱ्यावर बसून बेदाणा निवडत होती. मोटार अगदी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा तिनं मान वर केली. सूप मांडीवरनं घसरलं. ती मोटारीकडं बघत राहिली, मग वळणाकडं, मग पुन्हा मोटारीकडं.

आत ताट वाढलेलं नव्हतं. अण्णांना पाहिजे होतं तसंच झालं होतं.

“जेवू या चल,” अण्णा म्हणाले.

ती जागची हलली नाही. “केरू, तू काढलास व्हय आवाज?”

“व्हय आक्का.”

“पोरगं गेलंय हे मला कळत न्हाई, असं वाटलं व्हय रं तुमास्नी?” तिचा आवाज चढला नाही. “मीच न्हाऊ घातलंय त्येला शेवटचं. पर वळणावर वाजलं, की गाडी दारात येऊस्तवर, त्येवढा वेळ माजं पोरगं जित्तं असायचं. ताट वाढून व्हायचं तंवर.”

अण्णा मटकन पायरीवर बसले. त्यांनी तोंडावर हात घेतला. उन्हं चिंचेच्या शेंड्याला गेली होती.

“परत हुईल का रं तसा?” तिनं विचारलं.

केरूला लायनरची उतरती टोकं आठवली, साफ केलेली धार आठवली. हे लायनर आहे तोवर हा ब्रेक पुन्हा वाजायचा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“हुतोय की,” तो म्हणाला. “लायनर झिजत जातंय, मग आपसूक वाजाय लागतंय. पर वेळ लागतोय, आक्का. वरीस जाईल.”

“खरं?”

“खरं.”

“वरीसभर,” ती स्वतःशीच म्हणाली. “म्हंजी तंवर ऱ्हायला पायजे म्हन.”

तिनं मावळतीकडं पाहिलं, भिंतीला धरून उठली. आतनं टोपल्याचं झाकण वाजलं. थोड्या वेळानं चतकोर भाकरी दुधात कुस्करून ती चुलीपुढं बसलेली दारातनं दिसली. घास गिळताना तिची मान लांब व्हायची, औषध घेतल्यासारखी. अण्णांनी केरूचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलं.

केरू चालत गॅरेजवर आला. पत्र्याखाली अंधारत होतं. त्यानं दिवा लावला, खराटा घेतला आणि काळी भुकटी झाडून डब्यात भरली. डबा टाकून द्यायला बाहेर नेला, तसाच परत आणून फळीवर ठेवला.

जीप अजून जॅकवरच होती. त्यानं गोणपाट अंथरलं, खाली बसला आणि चाकाचे नट एकेक करून सैल करू लागला.