न बोलता बसणारी बाई

शिंदखेड्याहून ठाण्याला निघायच्या सकाळी माझ्या मुलाने, नितीनने, गाडी दारापुढे न आणता चौकात लावली. आमची गल्ली अरुंद आहे हे खरं. पण मला वाटलं, मी मागे वळून घराकडे बघू नये म्हणून त्याने तसं केलं. आमचे हे जाऊन तेव्हा महिना झाला होता, आणि त्या महिन्यात मला माणसांच्या साध्या वागण्यामागेही काहीतरी दिसू लागलं होतं.

जाऊबाईंनी भाकरीसाठी कळण्याच्या पिठाची पिशवी आणि बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, डबा गाडीत ठेवला. धाकटे दीर नाना चौकापर्यंत अनवाणीच आले. गाडीच्या काचेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, आखाजीले ये. घागर आठेच भरानी शे. दादानी तिस तठला पानीवरी भागाव नही."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पहिल्या वर्षाची तर चुकवायचीच नसते. दादा म्हणजे हे, नानांचे थोरले भाऊ; त्यांची तहान शहरातल्या पाण्याने भागायची नाही, असं नानांचं म्हणणं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "येईन. आणि एकदा आले की परत जाणार नाही."

नितीन डिकी बंद करता करता क्षणभर थांबला. "बघू, आई," एवढंच म्हणाला. ते "बघू" मी नाशिकपर्यंत मनात उलटसुलट करून पाहिलं.

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच मुलांच्या मागे शहरात आलेल्या बायांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मी शाळेत ग्रंथपाल होते. बोलायची सवय कमी, वाचायची जास्त. त्यामुळे लिहायलाही वेळ लागतो.

ठाण्याच्या घरात दिवसा मी एकटीच असायची. नितीन आणि सून सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. गावी एकटं राहायचं म्हटलं तरी जमत नाही. कुणीतरी दाराशी येऊन "काय चाललं व" म्हणतंच. इथे दारं बंद. समोरच्या दाराच्या चौकटीवर मात्र एक लहानशी तिरकी नळी ठोकलेली होती. मी तो कॅमेरा समजले. जिन्यातून कोण येतं-जातं त्यावर नजर ठेवणारे शेजारी म्हणजे काय माणसं असतील, म्हणून मी दार उघडायचंही टाळू लागले.

एका मंगळवारी त्याच दारातली बाई आमच्याकडे आली. साठीची, कॉटनची साडी, चष्मा गळ्यात अडकवलेला. सून तेव्हा घरी होती. तिने ओळख करून दिली, "या रिबकाबाई." मी मनात म्हटलं, ख्रिस्ती दिसतात. रिबकाबाई सोफा सोडून कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसल्या. मी पाणी आणायला उठले तर हाताने थांबवलं. मग माझ्याकडे बघत बसल्या. एक शब्द नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. बऱ्याच वेळाने उठल्या आणि "येते" न म्हणताच निघून गेल्या.

त्यांच्या त्या जाण्याने मी जास्तच सावध झाले. दुःखाच्या घरातून निघताना "येते" म्हणायचं नसतं, ही आपली रीत. या बाईला ती कुणी शिकवली? आणि पाणी का नाकारलं? माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. आई सांगायची, "दारी येऊन जो पाणी घेत नाही, तो काहीतरी न्यायला आलेला असतो."

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. तेच स्टूल, तीच शांतता. आपल्याकडे भेटायला येणाऱ्या बाईने आधी गळा काढायचा असतो. ती रडते, मग घरची बाई रडते, मग कसं झालं, काय झालं ते निघतं. ही तर बँकेतल्या साहेबासारखी नुसती बसायची. मी ठरवलं, आपणही बोलायचं नाही. बघू कुणाचं तोंड आधी उघडतं ते.

सुनेकडून कळलं की ते शेजारी ज्यू आहेत, बेने इस्रायली. शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे. जवळच त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे, महिला मंडळ आहे. "चांगली माणसं आहेत, आई. समाजसेवा करतात," ती म्हणाली. समाजसेवा म्हटलं की मी आणखी सावरून बसते. आमच्या शाळेत समाजसेवेला आलेली माणसं आधी मुलांना बिस्किटं द्यायची आणि नंतर कुणाच्या तरी नावाच्या घोषणा द्यायला लावायची.

मग एकदा नितीनचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. "हो, दिवसभर एकटीच असते. एकदा आणून दाखवतो. आवडलं तर मग रोजचंच. तुमच्या रिबकाबाई बघून गेल्यात तिला."

बघून गेल्यात. मुलगी बघायला येतात तशा. माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत लागलं. ते "बघू", ते न बोलता निरखणं, ती समाजसेवा. हे वृद्धाश्रमाचं चाललं होतं. त्या रात्री मी नानांना फोन करून सांगितलं, माझी खोली झाडून ठेवा. नाना म्हणाले, "झाडेलच शे."

दोन-चार दिवसांनी नितीनने रजा काढली आणि मला "एका ठिकाणी" नेलं. सिनेगॉगच्या शेजारचा हॉल. आत माझ्या वयाची बरीच माणसं. कुणी कॅरम खेळत होतं, दोन बाया नारळ खवत होत्या, कॉलेजातली एक मुलगी एका आजोबांना पेपर वाचून दाखवत होती. मी भिंतीलगतची अर्धवट उघडी खोली आधी बघून घेतली. आत दोन खाटा, वर धुतलेल्या चादरी. माझी खात्रीच पटली.

डायना नावाची चटपटीत बाई पुढे आली. भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवून सांगू लागली. दवाखान्यात कुणाजवळ कोण बसणार, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे कोण नेणार, कब्रस्तानातलं गवत कोण काढणार, सणाच्या मलिद्याचे, त्यांच्या गोड प्रसादाचे, पोहे कोण भिजवणार. ज्याला जे जमेल ते त्याने घ्यायचं. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय आवडेल?"

"मला घरी जायला आवडेल."

कॅरमवरचे एक आजोबा मान वर न करता म्हणाले, "आम्हालाही आवडेल हो! पण आज मटण आहे. जेवून जाऊ."

सगळे हसले. मी हसले नाही. डायनाने मग पुस्तकांची कपाटं दाखवली. जुनी मराठी पुस्तकं, प्रार्थनेची, गोष्टींची, कशीही कोंबलेली. "बघणारं कुणी नाही हो," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, अस्सं. म्हणजे फुकटात कामाला बाईही हवी आहे. पण उलटं ठेवलेलं एक पुस्तक निघता निघता मी सुलटं केलं. हाताला सवय.

पुढच्या मंगळवारी रिबकाबाई येऊन स्टुलावर बसल्या. माझी पिशवी भरलेली होती. आखाजी पंधरवड्यावर आली होती. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माझ्याकडून हवंय तरी काय? स्पष्ट सांगा. माझ्या मुलाने तुम्हाला काय सांगितलंय?"

त्या बाईने मोठा सुस्कारा सोडला आणि खांदे खाली टाकले. "बोललात बाई एकदाच्या! माझी कंबर मोडायची वेळ आली होती या स्टुलावर."

मग त्याच सांगू लागल्या. त्यांच्या मंडळात त्यांच्याकडे हेच काम होतं. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी जाऊन बसायचं. उंच जागी बसायचं नाही. घरच्या बाईला आपल्यासाठी चहापाण्याला उठवायचं नाही. आणि तिने तोंड उघडेपर्यंत आपण उघडायचं नाही. कारण तिला रडायचंय की बोलायचंय की गप्प राहायचंय, हे आपण कोण ठरवणार?

"पण ते तर तुमच्या लोकांत," मी म्हटलं.

"दारासमोर दार तुमचं. दुःख काय विचारून येतं का, तू कुणाची म्हणून?"

"आणि किती दिवस बसायचं असतं?"

"सात. पण तुम्ही बोललाच नाहीत. आता सुरू केलेलं मध्येच कसं सोडणार?"

"अहो, आमच्यात येणाऱ्या बाईने आधी रडायचं असतं! मी तुमची वाट बघत होते."

रिबकाबाईंनी चष्मा काढला. आधी त्यांच्या पोटात हसू हललं, मग माझ्या. दुःखाच्या घरात दोन बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता माझं हसू कधी बदललं ते मला समजलं नाही. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "कसे होते हो ते?"

गावी इतकी माणसं येऊन गेली. सगळ्यांनी विचारलं, कसं झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, शेवटी काय बोलले. हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. त्यांनी ह्यांना पाहिलेलं होतं, ते कशाला विचारतील? मी सांगितलं. कपाशीतून आल्यावर हे हातपाय धुऊन माझ्या पिशवीतलं पुस्तक काढायचे आणि आधी शेवटचं पान वाचायचे. कुणी मेलेलं असलं की पुस्तक माझ्या हातात परत. "हाई नको, दुसरं आन." चाळीस वर्षं संसार केला, आणि या सवयीचं मला हसू यायचं हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही.

नितीनला त्या संध्याकाळी मी विचारलंच. तो गोरामोरा झाला. "वृद्धाश्रम? आई, तू दिवसभर भिंतीकडे बघत बसायचीस. चार माणसांत जावंस, एवढंच." खरं सांगते, माझा संशय तेव्हाही पूर्ण गेला नाही. थोडा अजून आहे. पण खाटांचं मी नंतर विचारून घेतलं. जेवणानंतर तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ टेकायला त्या लागतात. आणि दारावरच्या नळीत प्रार्थनेचा कागद असतो, कॅमेरा नव्हे.

रिबकाबाईंचंही मग हळूहळू कळत गेलं. त्यांची दोन्ही मुलं, भाऊ, नणंदा, सगळे इस्रायलला गेलेले. मी हॉलवर जाऊ लागले होते; एकदा तिथली पुस्तकांची कपाटं लावताना त्या म्हणाल्या, "मी इथेच जन्मले, इथेच राहिले, कुठे गेले नाही. पण बाई, माझ्या अवतीभवतीचं गावच उठून गेलं." माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. त्या बोलत होत्या आणि मला चौकात अनवाणी उभे असलेले नाना दिसत होते.

आखाजीला मी शिंदखेड्याला गेले. नितीनने घागर भरली, जाऊबाईंनी सांजोऱ्या केल्या, आमरस झाला. सगळं रीतीप्रमाणे. दुपारी मी नानांना सांगितलं की चार दिवसांनी परत जाते आहे. त्यांचा चेहरा बदलला. "तठला लोकेस्नी तुले काय खवाडी दिन्हं, वहिनी? चौकमा सांगेल व्हतं ना तू?" जाऊबाई म्हणाल्या, तिथे सुख लागलं असेल. इतके महिने मी ज्या नजरेने लोकांकडे बघत होते, त्या नजरेने आता माझीच माणसं माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी नाना ओट्यावर एकटेच बसले होते. मी जाऊन खालच्या पायरीवर बसले. जाऊबाई चहाचं विचारून गेल्या, मी नको म्हटलं. मी काही बोलले नाही. नाना दोनदा खाकरले. एकदा उठून गोठ्याकडे जाऊन आले. मी तिथेच.

शेवटी चिडून म्हणाले, "कायले बठनी अशी? वावरना वाटा मांगाना व्हई तर सांगी टाक."

"वाटा नको, नाना. दादा लहानपणी कसे होते?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. ह्यांच्या मागे सगळ्यांनी माझं सांत्वन केलं होतं, नितीनचं केलं होतं. नानांकडे लोक मांडव, भांडी आणि पंगतीचं विचारायला जात. पाठचा भाऊ म्हणून त्यांच्याजवळ कुणी बसलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग ते बोलू लागले. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत, बुडू नये म्हणून. ह्यांनी एकदा नानांच्या पाठीवरचा तो पाण्यातच हळूच सोडून घेतला आणि काठावरून ओरडत राहिले, "भोपया शे, नान्या, भिऊ नको!" नाना पलीकडच्या कडेला पोचले, पाठीवर हात फिरवला, तर काही नाही. "मी त्याले दोन दिन बोलनू नही," नाना म्हणाले, आणि गळ्यातल्या उपरण्यात तोंड घातलं.

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी सांगितलं नाही. आता कुणी मला विचारतं, मावशी, घर कुठलं, तर मी लगेच उत्तर देत नाही. ठाण्यात ह्यांच्याबद्दल मला सांगायचं अजून पुष्कळ उरलं आहे, आणि शिंदखेड्याला ऐकायचं. एक घर या दोन्हींना पुरत नाही.

त्या दिवशी अंधार पडला तरी नाना बोलतच होते. जाऊबाईंनी ओट्यावरचा दिवा लावला आणि त्याही येऊन पायरीवर टेकल्या. चार दिवसांनी माझी गाडी होती. त्या गाडीने मी गेले नाही. तिच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीनेही नाही.